विश्लेषण : पऱ्हाटी ‘भाजून’ वीज? टॉरिफाइड बायोमास म्हणजे काय, आणि ते दगडी कोळशाची जागा घेईल का?

कापसाची शेवटची वेचणी झाली की विदर्भ, मराठवाडा आणि खान्देशातल्या शेतकऱ्यासमोर दरवर्षी तोच प्रश्न असतो : उभ्या पऱ्हाट्यांचे करायचे काय? थोड्या चुलीसाठी धुऱ्यावर रचल्या जातात, बाकीच्या उपटून शेतातच पेटवल्या जातात. याच विदर्भात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा आणि मौदा येथील औष्णिक वीज केंद्रांत रोज हजारो टन दगडी कोळसा जळतो. शेतात फुकट जळणारे हे लाकूड बॉयलरमध्ये का जाळता येत नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. कच्च्या रूपात ते नेणे आणि जाळणे खरोखरच कठीण आहे. पण लाकूड आधी ‘भाजून’ घेतले तर चित्र बरेच बदलते. या भाजण्याला ‘टॉरिफॅक्शन’ म्हणतात. केंद्र सरकारच्या धोरणातही या इंधनाचा उल्लेख आहे. ते तयार कसे होते, त्यात अडचणी कोणत्या आणि शेतकऱ्याच्या हाती काय लागू शकते, हे समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

• लाकूड किंवा काड्या जवळपास हवाबंद भट्टीत २०० ते ३०० अंश सेल्सिअसला भाजल्या की टॉरिफाइड बायोमास तयार होते.
• वजन सुमारे ३० टक्क्यांनी घटते, पण उष्णता सुमारे १० टक्केच कमी होते.
• हे इंधन कोळशाच्या मिलमध्ये दळता येते, पाणी कमी शोषते आणि वाहतुकीला सोपे पडते.
• तंत्रज्ञान सिद्ध आहे. प्रश्न आहे तो काड्या गोळा करण्याचा, खर्चाचा आणि ‘लाकूड आले कुठून’ याचा.

टॉरिफॅक्शन म्हणजे नेमके काय?

यासाठी आधी स्वयंपाकघरात जाऊ. कच्चे शेंगदाणे मिक्सरमध्ये घातले तर त्यांचा लगदा होतो, धड कूट होत नाही. तेच दाणे मंद आचेवर भाजले की ओलावा जातो, दाणा ठिसूळ होतो, कूट चटकन होते आणि डब्यात टिकतेही. कॉफीच्या बियांचेही तसेच. ‘टॉरिफॅक्शन’ हा शब्दही भाजणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरूनच आला आहे.

लाकडाच्या बाबतीत हीच क्रिया बंद भट्टीत होते. तापमान २०० ते ३०० अंश, वेळ साधारण १५ मिनिटे ते एक तास, आणि आत ऑक्सिजन जवळपास नाही. ऑक्सिजन असता तर लाकूड पेटले असते. तो नसल्यामुळे ते फक्त भाजले जाते.

लाकडात मुख्यतः तीन घटक असतात : सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोजचे तंतू लाकडाला बळकटी देतात, लिग्निन कठीणपणा देते आणि हेमिसेल्युलोज या सगळ्यांना एकत्र धरून ठेवते. उष्णतेपुढे सर्वांत आधी हार मानते ते हेमिसेल्युलोज. ते तुटले की लाकडाचा चिवटपणा जातो. उरतो तो तपकिरी ते काळपट रंगाचा, बोटांनी मोडेल असा ठिसूळ पदार्थ.

या प्रक्रियेत वाफ आणि ज्वलनशील वायू बाहेर पडतात. ते वाया न घालवता जाळले तर भट्टीला लागणारी बरीचशी उष्णता त्यातूनच मिळते. अट एकच : माल आधी नीट वाळलेला हवा. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मे वजन पाण्याचेच असते. असा ओला माल भट्टीत घातला तर ते पाणी घालवण्यातच इंधन संपते.

मग हा लोणारी कोळसाच नाही का?

नाही. लोणारी कोळसा पाडताना तापमान ४०० अंशांच्या वर जाते. लाकडाचे वजन पाव ते एक तृतीयांश एवढेच उरते आणि मूळ उष्णतेपैकी साधारण निम्मी धूर-वायूच्या रूपाने निघून जाते. टॉरिफॅक्शनमध्ये लाकूड कोळसा होण्याच्या बरेच आधी थांबवले जाते.

हिशेब असा. १०० किलो वाळलेल्या पऱ्हाटीत किलोला ४,२०० किलोकॅलरी या दराने ४ लाख २० हजार किलोकॅलरी उष्णता आहे असे धरू. भाजल्यावर वजन उरते ७० किलो आणि उष्णता ९० टक्के, म्हणजे ३ लाख ७८ हजार. भागाकार केला तर किलोला ५,४०० किलोकॅलरी. आपल्या वीज केंद्रांत येणारा देशी कोळसा बहुतेक वेळा ३,५०० ते ४,००० किलोकॅलरीचा असतो आणि त्यात ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे नीट भाजलेले लाकूड किलोमागे आपल्या कोळशाहून जास्त उष्णता देते आणि त्याची राखही फार कमी होते.

महाराष्ट्रात बॉयलरवाल्यांना ‘पांढरा कोळसा’ चांगला माहीत आहे. भुसा, काड्या, शेंगांची टरफले दाबून केलेल्या या ब्रिकेट. त्या भाजलेल्या नसतात, फक्त दाबलेल्या असतात. टॉरिफाइड इंधन ही त्याच्या पुढची पायरी.

कच्ची पऱ्हाटी थेट जाळायला काय हरकत आहे?

साखर कारखाने उसाचा बगॅस वर्षानुवर्षे जाळतातच की, असे कुणी म्हणेल. पण त्यांचे बॉयलर त्यासाठीच बांधलेले असतात. मोठ्या औष्णिक केंद्राचे तसे नाही. तिथे कोळसा मिलमध्ये दळून त्याची मैद्यासारखी भुकटी करतात आणि ती गरम हवेच्या झोताने भट्टीत फुंकतात. हवेत तरंगतानाच, एक-दोन सेकंदांत ती जळून जाते. म्हणजे इंधन कुठलेही असो, आधी ते दळले गेले पाहिजे.

अडचण इथेच येते. कोळसा दगडासारखा फुटतो, लाकूड फुटत नाही, त्याचे तंतू निघतात. मिलमध्ये ते गुंडाळले जातात, मिलची क्षमता घटते. शिवाय कोळसा वाळवण्यासाठी मिलमध्ये गरम हवा सोडलेली असते. कच्च्या लाकडातले बाष्पशील घटक, म्हणजे तापताच वायू होऊन पेटणारे घटक, ७० ते ८० टक्क्यांपर्यंत असतात. त्यामुळे मिलमध्येच आग लागण्याचा धोका असतो. म्हणून साध्या पेलेटचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते.

दुसरी अडचण साठवणुकीची. साध्या पेलेटवर पावसाचे पाणी पडले की त्या फुगतात आणि भुगा होतो. तिसरी वाहतुकीची. मोकळ्या पऱ्हाट्यांनी ट्रक काठोकाठ भरला तरी वजनकाट्यावर काहीच दिसत नाही. भाडे मात्र पूर्ण ट्रकचे लागते.

भाजल्याने यातले काय सुटते?

दळणे : चिवटपणा गेल्यामुळे माल कोळशासारखा फुटतो. मिलमध्ये मोठे फेरफार करावे लागत नाहीत.

ओलावा : पाणी धरून ठेवणारे हेमिसेल्युलोजच कमी झाल्याने भाजलेले लाकूड पाणी कमी शोषते. सडणे आणि बुरशी लागणेही कमी होते. पूर्ण ‘वॉटरप्रूफ’ मात्र ते नाही. महिनोन्महिने उघड्यावर पावसात ठेवावे असे इंधन हे नव्हे.

वाहतूक : भाजून मग पेलेट केल्या तर त्याच आकाराच्या ट्रकमध्ये साध्या पेलेटच्या तुलनेत साधारण दीडपट उष्णता मावते.

काय सुटत नाही, तेही सांगायला हवे. पिकांच्या काड्यांत पोटॅशियम आणि क्लोरीन असते. पोटॅशियममुळे राख लवकर वितळते आणि बॉयलरच्या नळ्यांना चिकटते. क्लोरीनमुळे नळ्या गंजतात. भाजताना क्लोरीन काही प्रमाणात निघून जाते, पोटॅशियम मात्र मालातच राहते. दुसरे, भट्टीतून निघालेला गरम माल थंड होण्याआधी हवेच्या संपर्कात आला तर तो स्वतःच पेटू शकतो. त्याची बारीक धूळही स्फोटक असते. त्यामुळे टाकीत काड्या भरून खालून जाळ लावण्याचा घरगुती प्रयोग कुणी करू नये. त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो.

सरकारचे धोरण काय सांगते?

औष्णिक केंद्रांत शेतातील अवशेष वापरण्यासाठी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये ‘समर्थ’ नावाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोळशात ५ टक्के बायोमास मिसळण्याचे सुधारित धोरण आले. जून २०२३ मध्ये त्यात बदल होऊन २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के असे वेळापत्रक ठरले. दिल्लीच्या ३०० किलोमीटर परिसरातील केंद्रांसाठी पर्यावरण मंत्रालयाने २०२३ मध्ये वेगळे नियमही केले. कारण उघड आहे, पंजाब-हरयाणातील पराली आणि दिल्लीचा धूर.

या धोरणातला एक बारकावा फारसा चर्चेत येत नाही. कोणते इंधन चालेल हे केंद्रातल्या मिलच्या प्रकारावर ठरते. ‘बाउल मिल’ असेल तर साध्या पेलेट चालतात. पण लोखंडी गोळ्यांनी कोळसा दळणारी ‘बॉल अँड ट्यूब मिल’ असेल तर पेलेट टॉरिफाइडच हवी, आणि तिच्यातले बाष्पशील घटक २२ टक्क्यांहून कमी हवेत, असे २०२१ चे धोरण सांगते.

ही २२ टक्क्यांची अट वाटते त्याहून कडक आहे. साध्या टॉरिफॅक्शननंतरही लाकडात बाष्पशील घटक निम्म्याहून जास्तच उरतात. ते २२ टक्क्यांखाली आणायचे तर तापमान इतके वाढवावे लागते की माल लोणारी कोळशाच्या जवळ जातो. मग ७० टक्के वजन आणि ९० टक्के उष्णता हा हिशेब लागू राहत नाही. वजन एक तृतीयांशावर येते आणि किंमत तेवढी चढते. मिलमध्ये आग लागू नये म्हणून ही काळजी आहे, ती अनाठायी नाही. पण त्यामुळे या प्रकारच्या केंद्रांना लागणारे इंधन तयार करणे महाग आणि अवघड झाले आहे.

शहरांच्या कचऱ्यापासूनही असाच ‘हरित कोळसा’ बनवण्याचा प्रयत्न सुरू आहे. ‘एनटीपीसी’ने वाराणसीजवळ रमना येथे त्यासाठी प्रकल्प उभारला असून, त्याची रचना दिवसाला ६०० टन कचरा हाताळण्याची आहे.

एका ५०० मेगावॉटच्या संचाला किती पऱ्हाटी लागेल?

कागदावर ढोबळ हिशेब करून पाहू. ५०० मेगावॉटचा संच ७५ टक्के क्षमतेने चालला तर दिवसाला ९० लाख युनिट वीज होते. युनिटमागे ७०० ग्रॅम कोळसा धरला तर रोज ६,३०० टन कोळसा लागतो. त्याच्या ५ टक्के म्हणजे ३१५ टन टॉरिफाइड इंधन.

३१५ टन भाजलेल्या मालासाठी वाळलेली पऱ्हाटी लागेल ४५० टन. कोरडवाहू कापसात एकरी साधारण टनभर पऱ्हाटी निघते असे धरले तर एका संचासाठी रोज ४५० एकरांवरची आणि वर्षभरात सुमारे १ लाख ६४ हजार एकरांवरची पऱ्हाटी लागेल. चंद्रपूर केंद्राची एकूण क्षमता २,९२० मेगावॉट, म्हणजे याच्या जवळपास सहापट. तिथे साडेनऊ लाख एकर लागतील.

आकडा मोठा वाटतो, पण आवाक्याबाहेरचा नाही. महाराष्ट्रात कापूस साधारण ४० लाख हेक्टरवर, म्हणजे कोटीभर एकरांवर घेतला जातो. देशाचा विचार केला तर नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार, चारा आणि इतर वापर वगळून दरवर्षी सुमारे २३ कोटी टन शेती अवशेष शिल्लक राहतात.

म्हणजे माल आहे. पण तो मिळतो कधी? पऱ्हाटी निघते ती प्रामुख्याने डिसेंबर ते मार्च या काळात. बॉयलर मात्र बारा महिने चालतो. चार महिन्यांत गोळा करायचे आणि पावसाळा धरून उरलेले आठ महिने सांभाळायचे. साध्या काड्या आणि साध्या पेलेट मार खातात ते इथेच, आणि भाजण्याचा खरा उपयोगही इथेच आहे.

मग घोडे अडले कुठे?

सर्वांत आधी, गोळा करण्यात. पराली यंत्राने गाठोडी बांधून उचलता येते. पऱ्हाटी उपटावी लागते, तिचे तुकडे करावे लागतात, आणि आपल्याकडची शेते लहान. दोन-तीन एकरांच्या शेकडो शेतांत मजूर, कुट्टीयंत्र आणि ट्रॅक्टर फिरवायचा खर्च इंधनाच्या किमतीत येतो. त्यावर वाळवणे, भाजणे, पेलेट करणे आणि केंद्रापर्यंतचे भाडे.

दुसरे, स्पर्धा कुणाशी आहे ते पाहायला हवे. चंद्रपूरचे केंद्र कोळसा खाणींच्या अगदी शेजारी आहे. तिथे कोळशाचे भाडे फार पडत नाही, त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही इंधनाला टिकाव धरणे अवघड. याउलट भुसावळ आणि परळी खाणींपासून दूर आहेत, तिथे कोळसा रेल्वेने येतो. आणि ही दोन्ही केंद्रे कापसाच्या पट्ट्यात आहेत. निव्वळ अर्थशास्त्र पाहिले तर भाजलेल्या पऱ्हाटीला पहिली संधी खाणीजवळच्या केंद्रांपेक्षा अशा ठिकाणी जास्त आहे.

तिसरे, भट्टीचे अर्थकारण. टॉरिफॅक्शनचा कारखाना उभारणाऱ्याला बँकेकडून कर्ज हवे असते. बँक विचारते, दहा वर्षे माल कोण घेणार? वीज केंद्र विचारते, रोज ठरलेल्या दर्जाचा माल कोण देणार? आणि शेतकरी विचारतो, पैसे रोख मिळणार का? तिघेही एकमेकांची वाट पाहत थांबलेले.

वाढीव खर्च अखेर कोण भरणार, हाही मुद्दा आहे. २०२१ च्या धोरणाने तो वीजदरात धरण्याची मुभा दिली आहे, म्हणजे तो ग्राहकाच्या बिलात येतो. तो किती असेल? समजा या इंधनातून मिळणारी उष्णता कोळशापेक्षा दीडपट महाग पडली. वजनाने ५ टक्के मिसळले तर उष्णतेतला त्याचा वाटा सुमारे ७ टक्के होतो. म्हणजे संचाचा इंधनखर्च साडेतीन टक्क्यांनी वाढेल. हा बोजा कमी नाही, पण अशक्यही नाही. तो ग्राहकाने उचलायचा असेल, तर त्या पैशांतला किती भाग शेतापर्यंत पोहोचतो हे विचारण्याचा हक्कही ग्राहकाला आहे.

परदेशात काय अनुभव आला?

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याचे उदाहरण बोलके आहे. तिथल्या बोर्डमन या कोळशावरील केंद्राने २०२० पर्यंत कोळसा थांबवण्याचे २०१० मध्येच मान्य केले होते. बॉयलर चांगला होता, मग तो भाजलेल्या लाकडावर चालवता येईल का, याचा शोध पोर्टलँड जनरल इलेक्ट्रिक या कंपनीने घेतला. आधी वेळूसारख्या उंच वाढणाऱ्या गवताची लागवड करून पाहिली, नंतर जंगलातील विरळणीतून निघणाऱ्या लाकडाकडे मोर्चा वळवला. केंद्रात टॉरिफाइड लाकूड प्रत्यक्ष जाळूनही पाहिले. पण एवढ्या मोठ्या केंद्राला पुरेल इतका माल परवडेल अशा दरात वर्षानुवर्षे मिळवणे ही वेगळीच गोष्ट होती. कंपनीने तो मार्ग सोडला. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र बंद झाले आणि २०२२ मध्ये त्याची चिमणी व बॉयलर स्फोटकांनी पाडण्यात आले.

कॅनडातील ओंटारिओमध्ये थंडर बे केंद्राचा एक संच २०१५ मध्ये वाफेने प्रक्रिया केलेल्या, म्हणजे टॉरिफाइड इंधनाच्या जवळच्या, पेलेटवर आणला गेला. या पेलेट नॉर्वेतून समुद्रमार्गे येत. बॉयलर खराब झाल्यानंतर २०१८ मध्ये तेही केंद्र बंद करण्यात आले.

दोन्हीकडे लाकूड जळण्यात अडचण नव्हती. स्थानिक, स्वस्त आणि सातत्याने मिळणारा माल नव्हता.

हे इंधन खरेच ‘हरित’ आहे का?

झाड वाढताना हवेतला कार्बन घेते, जळताना तोच परत सोडते, म्हणून हिशेब शून्य, असे समर्थक सांगतात. पण हा हिशेब वेळेवर अवलंबून आहे. पन्नास वर्षे वाढलेले झाड काही सेकंदांत जळते. त्याची भरपाई व्हायला पुन्हा तेवढीच वर्षे जातात, आणि तोपर्यंत तो कार्बन हवेतच राहतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये पाचशेहून अधिक शास्त्रज्ञांनी अमेरिका, युरोपीय संघ, जपान आणि दक्षिण कोरियाच्या नेत्यांना पत्र लिहून वीजनिर्मितीसाठी जंगलतोड करू नका, असे बजावले होते. ब्रिटनमधील ड्रॅक्स हे महाकाय केंद्र उत्तर अमेरिकेतून आणलेल्या लाकडी पेलेटवर चालते आणि त्याला मिळणाऱ्या अनुदानावरून तिथे वर्षानुवर्षे वाद सुरू आहे.

पऱ्हाटीचे तसे नाही. ती वर्षाच्या आत वाढते आणि नाहीतरी शेतात जाळलीच जाते. म्हणून ‘टॉरिफाइड’ हा शब्द ऐकल्यावर तीन प्रश्न विचारावेत. लाकूड आले कुठून? किती लांबून आले? आणि ते इथे जळले नसते तर त्याचे काय झाले असते? उभे झाड तोडले असेल तर भाजल्याने ते हरित होत नाही.

बांबूलाही हेच प्रश्न लागू होतात. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये बांबू उद्योग धोरणाला मंजुरी दिली आणि बांबूचे बायोमास वीज केंद्रांत वापरण्याची चर्चा राज्यात आहे. पडीक जमिनीवर, बांधावर वाढलेला बांबू आणि फर्निचर उद्योगातून उरलेले तुकडे जाळणे वेगळे. अन्नधान्याच्या जमिनीवर केवळ जाळण्यासाठी लागवड करणे वेगळे.

जमिनीचाही हक्क विसरता येत नाही. पऱ्हाटीची कुट्टी करून कंपोस्ट केले किंवा जमिनीत मिसळले तर सेंद्रिय कर्ब वाढतो. सोयाबीनचे कुटार जनावरांच्या तोंडचे आहे, ते बॉयलरला देणे चुकीचे ठरेल. भाजण्यासाठी पहिला हक्क त्याच मालावर सांगता येतो, जो आज फक्त पेटवला जातो.

भट्टी शेताकडे नेता येईल का?

पोकळ काड्या ट्रकने लांबच्या कारखान्यात नेण्याऐवजी छोटी भट्टीच गावात नेली तर? दिल्लीचे तरुण उद्योजक विद्युत मोहन यांच्या ‘टाकाचार’ या उपक्रमाने हीच दिशा धरली. अमेरिकेतील एमआयटीमध्ये संशोधन केलेले केव्हिन कुंग हे त्यांचे सहसंस्थापक. ट्रॅक्टरला जोडून शेतापर्यंत नेता येईल असे छोटे यंत्र, थोड्या ऑक्सिजनमध्ये होणारे टॉरिफॅक्शन, आणि त्यातून इंधन, खत किंवा इतर कार्बन उत्पादने, अशी ही कल्पना. २०२१ मध्ये, पहिल्याच वर्षीच्या अर्थशॉट पुरस्कारांत ‘स्वच्छ हवा’ या गटात तिला दहा लाख पौंडांचे पारितोषिक मिळाले.

छोट्या यंत्रांचा तोटा म्हणजे प्रत्येक भट्टीचा माल सारखा निघेलच असे नाही, आणि वीज केंद्राला दर्जात सातत्य लागते. पण वीट भट्ट्या, ढाबे, कारखान्यांचे छोटे बॉयलर यांना एवढी काटेकोर अट नसते. या इंधनाचा पहिला ग्राहक मोठ्या वीज केंद्राआधी एखादा एमआयडीसीतला बॉयलरही असू शकतो.

शेतकऱ्याला यात काय मिळेल?

कापूस उत्पादकासाठी हा प्रश्न धुरापुरता मर्यादित नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ आणि मराठवाड्यात हाहाकार माजवला. ही अळी शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांवरच्या किडक्या बोंडांत तग धरते आणि पुढच्या हंगामात परतते. म्हणूनच फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळे करा, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. शेत मोकळे करायला मात्र मजुरी लागते, आणि पऱ्हाटीतून काही मिळत नसल्याने ती खिशातून जाते. मग कुणी फरदड ठेवतो, कुणी काडी लावतो.

पऱ्हाटीला भाव मिळाला तर ती वेळेत उपटण्याचे कारण मिळेल. इथे एक काळजी हवी. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग महिनोन्महिने गावाजवळ किंवा जिनिंगच्या आवारात पडून राहिले तर अळीचा मुक्कामच हलेल, नष्ट होणार नाही. कुट्टी लगेच व्हायला हवी. कापूस तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या ‘सिरकॉट’ या केंद्रीय संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पेलेट, ब्रिकेट आणि बोर्ड बनवण्यावर पूर्वीच काम केले आहे. म्हणजे कुट्टीपर्यंतची वाट अनोळखी नाही.

पुढे काय?

भाजलेले लाकूड दगडी कोळशाला हद्दपार करील, असे चित्र रंगवणे चुकीचे ठरेल. सौर आणि पवन ऊर्जा स्वस्त होत असताना एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेपही रास्त आहे. पण कोळशाची केंद्रे आणखी काही वर्षे चालणार हे नक्की, आणि शेतातल्या काड्या तोवर जळत राहणार हेही. वरचा हिशेब पुन्हा पाहिला तर ४५० टन पऱ्हाटी भाजून मिळणारे ३१५ टन इंधन सुमारे ४६० टन देशी कोळशाची जागा घेते. म्हणजे जवळजवळ टनाला टन.

हे घडायचे असेल तर तीन गोष्टी एकत्र याव्या लागतील : वीज केंद्रांचे दीर्घ मुदतीचे खरेदी करार, तालुक्याच्या पातळीवर कुट्टी आणि भाजणीची केंद्रे, आणि शेताच्या बांधावर रोख मिळणारा दर. पहिल्या दोन गोष्टींवर धोरणात आणि परिषदांत बरेच बोलले जाते. तिसरीवर फारसे नाही. कापूस उत्पादकाच्या शेतात या इंधनाची स्पर्धा कोळशाशी नसून दोन रुपयांच्या काडीपेटीशी आहे. उपटणे आणि वाहून नेणे यांची मजुरी निघून वर चार पैसे उरले, तरच पुढच्या जानेवारीत पऱ्हाटी पेटवण्याऐवजी कुट्टीयंत्राकडे जाईल.